अनडिफाईन्ड नवरा

"आजकालन्या पोरी नवराले नाव घीसन हाका मारतस. आपली बी मारस, मी आयकं ना!"

हे फुई स्वयंपाकघरात सासूबाईंना सांगत होत्या. दाराआड मी होते, हातात पाण्याचा तांब्या. पुढचं ऐकायला थांबायचं कुणी? मी तांब्यासकट पळाले.

फुई म्हणजे यांची आत्या. म्हसावदच्या आमच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी 'सून चांगली' म्हटलं की सून चांगली. त्या दिवसापासून मी यांचं नाव घेणं बंद केलं. 'अहो', 'ऐका ना', फारच अडलं तर खोकला.

आता चूक इथेच थांबती तर काय हवं होतं! पण कानबाईच्या सणाला, रोटांना सगळे भाऊबंद घरी येणार होते, आणि मला हुशारी दाखवायची होती. मी वेबपेजेस बनवते. म्हटलं, घराण्याची वंशावळ बनवू. साधी नाही हं! नावावर बोट दाबलं की फांदी उघडेल, पुन्हा दाबलं की मिटेल.

जावास्क्रिप्टने मला नाचवलं. नातवावर क्लिक केलं की आजोबाच मिटायचे! खालचा क्लिक वरपर्यंत चढत जातो, त्याला मध्येच अडवावं लागतं. तेही जमवलं.

नावं मात्र अडली. सासऱ्यांचं, जेठांचं म्हणजे थोरल्या दिरांचं यांनीच टाइप करून दिलं. "आणि तुमचं?" विचारलं तर म्हणाले, "ते तू टाक," आणि गालात हसत शेतात निघून गेले.

मी टाकलं नाही. लिहिणं म्हणजे घेणंच की! वाटलं, जागा कोरी राहील, कोण बघतंय? ती शेवटची फांदी उघडूनही पाहिली नाही. तिथे पाहण्यासारखं काय, जेठ आणि आम्ही दोघंच!

रोटांच्या दिवशी लॅपटॉप टीव्हीला जोडला. ओसरी भरलेली. फुई पहिल्या. त्यांनी स्वतःच्या नावावर दाबलं, तर त्यांची सगळी मुलं गायब.

"माय वं! मन्हा पोरे कथा गयात?"

"फुई, परत दाबा."

दाबलं. मुलं हजर. फुईंचा चेहरा असा उजळला म्हणता!

"हाई भारी शे! भांडण व्हयनं का दाबी टाकानं!"

मग काय, घराणं उघडायला लागलं. कोणाची खापरपणजी कुठली, सगळं झाडावर. फुई प्रत्येक फांदी अशी उघडत होत्या, जणू त्या त्या घरी चहाला जाऊन येत होत्या. "आमनी सूनबाईनं करं!" त्या प्रत्येकाला सांगत होत्या. मी पदराआड फुगत होते.

तेवढ्यात त्यांनी सासऱ्यांची फांदी उघडली. आधी जेठ दिसले. त्यांच्याखाली इंग्रजीत काहीतरी, आणि शेजारी माझं नाव.

जेठांनी मोठ्याने वाचलं, "अनडिफाईन्ड आणि कोमल."

माझ्या पायाखालची ओसरी सरकली. नाव दिलं नाही म्हणून संगणकाने इमानदारीने स्वतःचाच शब्द लिहिला होता!

"हाऊ कोण?" फुईंनी विचारलं.

"याना अर्थ," जेठ म्हणाले, "ज्याना काहीच पत्ता नही तो."

"मंग बरोबर शे! आपला धाकला दादा कधी घरमा सापडस का?"

ओसरी हसून लोळली. सासूबाई तेवढ्या हसेनात. "मन्हा आंडोरनं नाव कथा गयं?" मुलाचं नाव शोधत त्या टीव्हीजवळ गेल्या. फुईंनी घाईने सासऱ्यांच्या नावावर दाबलं, तर जेठांसकट आम्ही दोघंही गेलो!

"सूनबाई, नाव काब्र नही टाकं?"

मी पुटपुटले, "तुम्ही आईंना म्हणालात ना... नाव घेऊन हाक मारते म्हणून..."

फुईंनी कपाळावर हात मारला.

"अर्ध आयकीसन पळनी का तू? पुढे मी सांगं, किती गोड वाटस! आमले जनमभर 'आयका का' म्हनता म्हनताच म्हतारपन उनं!"

आणि ती बाई एवढ्यावर थांबली नाही. तिने मान वळवली, पाटावर बशीतून चहा पिणाऱ्या आपल्या नवऱ्याकडे, फुआजींकडे बघितलं आणि खणखणीत हाक मारली, "ओ हिरालाल!"

फुआजींचा चहा धोतरावर. इतक्या वर्षांत त्यांनी ती हाक पहिल्यांदा ऐकली होती. आधी डोळे विस्फारले, मग असे काही लाजले की नवी नवरी मी आहे की ते, कळेना. फुई मात्र मजेत. मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

"आते तू," त्या म्हणाल्या. "जोऱ्यात. समदासले आयकू येवाले पाहिजे."

सासूबाई माझ्याकडे बघताहेत. हे दारात उभे, कान टवकारून. मी उभी राहिले, घसा साफ केला. नेमका तेव्हाच लॅपटॉप बॅटरी संपल्याचं ओरडायला लागला. आणि माझ्या तोंडून, भरल्या घरासमोर, पूर्ण आवाजात निघालं—

"भूषण! अहो... चार्जर आणा ना!"