पेनिसिलीनचं सोवळं

आमच्या साडूंइतका पुसण्यावर जीव असलेला माणूस अख्ख्या खानदेशात दुसरा जन्मला नसेल. जळगावातल्या एका धर्मादाय दवाखान्यात ते औषधं देतात. तिथे गोळ्या मोठाल्या डब्यांतून सुट्या येतात आणि स्टीलच्या ताटलीत ओतून मोजाव्या लागतात. एक औषध मोजून झालं की साडू ताटली स्पिरिटने पुसणार, उजेडात धरून बघणार आणि मगच दुसरा डबा उघडणार. रांग रस्त्यावर जाईना का! पेनिसिलीनची ताटली तर वेगळीच, लाल दोरा बांधलेली. आमच्या सासूबाईंची उपासाची भांडीसुद्धा इतकं सोवळं पाळत नाहीत. "भुकटी दिसत नाही म्हणून ती नसते असं नाही," हे त्यांचं वाक्य सगळ्या पाहुण्यांना पाठ आहे. एका लग्नात भाजीचा डाव वरणात बुडवणाऱ्या वाढप्याला त्यांनी भर पंगतीत झापलं, तेव्हा मी लाजून ताट उचललं आणि लांब जाऊन बसलो.

अशा माणसाच्या हातून चूक व्हावी! बाजाराचा दिवस, समोर झुंबड, लाल दोऱ्याची ताटली धुऊन वाळत ठेवलेली. एवढ्यापुरतं म्हणून साडूंनी पेनिसिलीन साध्या ताटलीत मोजलं. तेवढ्यात कुणीतरी हाक मारली, पुसायचं राहिलं, आणि त्याच ताटलीत असोदा गावाहून दर महिन्याला येणाऱ्या अक्कांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या पडल्या. अक्कांना पेनिसिलीन बिलकूल चालत नाही. अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले. इंजेक्शनने उतरलं, पण सगळ्यांनी खापर फोडलं त्या दिवशी खाल्लेल्या वांग्यावर. वांगं खाजरं, हे आपल्याकडे कुणीही सांगेल. मग ऐन थंडीत, घरोघर भरताचा वास सुटलेला असताना, अक्का ठेच्याशी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खात बसल्या.

अक्कांची हकिगत कानावर आली तेव्हा साडूंना सगळं आठवलं आणि त्यांचं अन्न तुटलं. डॉक्टरांना त्यांनी सांगून टाकलं, पण अक्कांसमोर जायचा धीर होईना. "वांग्यावर निभावलंय ना, जाऊ द्या," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. मी मोटरसायकल काढली.

असोद्याला अक्का ओट्यावर तूर निवडत होत्या. साडू उभ्याउभ्याच म्हणाले, "अक्का, वांग्याचा दोष नाही. माझ्या हातून ताटली पुसायची राहिली. तुमच्या जिवावर बेतलं असतं."

अक्कांनी तुरीचं सूप बाजूला सारलं. म्हणाल्या, "मंग इतके दिस मले भरताबिगर कायले ठेवलं रे भाऊ?" आणि खो खो हसल्या. त्यांनी आम्हाला भरीत-भाकरी खाल्ल्याशिवाय उठू दिलं नाही. साडू भाकरीचा एकच तुकडा चिवडत बसले.

अक्का अजून त्यांच्याकडूनच गोळ्या नेतात. रांगेतूनच ओरडतात, "भाऊ, ताटली पुसली का?" रांग हसते. साडू ताटली दोन्ही बाजूंनी फिरवून दाखवतात, हळूच म्हणतात, "पुसली, अक्का." अक्कांच्या मनात काही उरलेलं नाही. साडूंची मान मात्र त्यांच्यासमोर वर होत नाही, आणि मला ते बघवत नाही.