मध्ये कोणी नको

महाडपासून थेट घाटमाथ्यापर्यंत शोधलं तरी मधल्या माणसाचा इतका तिटकारा असलेला दुसरा गृहस्थ सापडणार नाही, असं मी माझ्या बायकोच्या मामांबद्दल अतिशयोक्ती टाळून सांगू शकतो. मामा पोलादपूरला राहतात. तांदूळ दुकानातून घेत नाहीत; जवळच्या कापडे गावी जाऊन, ज्याच्या शेतात भात पिकलं त्याच्या खळ्यावरून स्वतः पोतं उचलतात. हॉटेलात वेटरला काही सांगत नाहीत; सरळ आत जाऊन आचाऱ्याला सांगतात, "मिसळ, तर्री कमी." त्यामुळे दोन ठिकाणी त्यांना प्रवेश बंद आहे. लग्नाच्या वेळीही मध्यस्थ न घेता एकटेच मुलीच्या घरी गेले आणि तिलाच विचारलं, "मी चालेन का?" तिच्या वडिलांनी पाणी देऊन वाटेला लावलं. होकार मिळायला वर्ष गेलं. पण मिळाला तो तिच्याच तोंडून, हे मामी अजून लाजत सांगतात.

अशा माणसाच्या वाट्याला नेमकं नको ते आलं. बोळापलीकडे, समोरच्याच घरात त्यांचे बालमित्र तात्या राहतात. पूर्वी त्यांची भातगिरणी होती. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. समजतं सगळं, डावा हात चालतो, पण वाचा गेली. तेव्हापासून तात्यांच्या खुणा पाहून त्यांचं बोलणं त्यांची बायकोच सांगते.

मामांनी मला महाडहून तातडीनं बोलावून घेतलं. "रोज जातो मी. वहिनी म्हणतात, 'हे म्हणतायत, बसा, चहा घ्या.' अरे, साठ वर्षांत तात्यानं मला बसा म्हटलेलं नाही! तो आत काय म्हणतोय ते मला कळलंच पाहिजे."

"मग मोबाइलवर लिहू द्या त्यांना."

"मोबाइल वहिनींकडे. 'काळजी घ्या' असं येतं, खाली हात जोडलेले. ते काय तात्याचे हात?"

तात्यांच्या खोलीत गिरणीच्या हिशेबाचा जुना कॉम्प्युटर होता, आणि मामांकडेही एक होता. मी सुचवलं, नेट घ्या, राउटर बसवा.

"तो काय करतो?"

"याच्याकडून घेतो, त्याला देतो."

"म्हणजे वहिनीच की! नको."

मग मी बोळाची रुंदी मोजली, वळणांसाठी थोडी जास्त धरली, आणि तेवढी केबल या खिडकीतून त्या खिडकीत नेली. एक टोक या कॉम्प्युटरला, दुसरं त्या कॉम्प्युटरला. मध्ये काही नाही. फक्त दोन्ही कॉम्प्युटरना हातानं नंबर, म्हणजे त्यांचे पत्ते, द्यावे लागतात. मी मामांना समजावलं, आळी एकच, पण घरं वेगळी. मामांनी दोन्हीकडे तोच नंबर घातला. "आम्ही काय वेगळे आहोत?" यंत्रांना ते पटलं नाही. तात्यांच्या बाजूचा शेवटचा आकडा मी बदलला, तेव्हा कुठे जोडणी झाली.

मामांनी टाइप केलं, "तात्या, कसा आहेस?"

बराच वेळ काही नाही. मामा खुर्चीच्या कडेवर. मला वाटलं, वाचेबरोबर लिहिणंही गेलं की काय. मग एकेक अक्षर जोडलेलं उत्तर उमटलं:

"गाढवा, रोज चा ढोसून जातोस. लाज नाय?"

मामा इतके हसले की चष्मा काढावा लागला. तो पुसून झाला तरी त्यांनी डोळ्यांवर चढवला नाही.

तेवढ्यात समोरच्या खिडकीत वहिनी आल्या. इतके महिने नवऱ्याचा प्रत्येक शब्द त्यांच्याकडून गेला होता. आज पहिल्यांदा तो त्यांना वळसा घालून गेला. पदराला हात पुसत त्यांनी हळूच विचारलं, "काय म्हणतात हो हे?"

मामांनी पडद्याकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं.

"म्हणतोय, वहिनींनी फार केलं माझं!"

मी पडदा पुन्हा वाचला. तसं काही नव्हतं.

वहिनी खिडकीतच उभ्या राहिल्या. आतून कीबोर्डच्या कळांचा आवाज येत होता, अगदी सावकाश. मग आमच्या पडद्यावर आलं:

"खरं हाय."