थोरली पेटी, धाकटी पेटी

…तर काशीने साहेबाचा हात धरला, इथवर काल आलो होतो. धरला म्हणजे चांगला मनगटाशी! मुंबईहून आलेल्या इंजिनिअरचा हात झाडूवाल्या बाईने धरलेला मी त्याआधी पाहिला नव्हता आणि त्यानंतरही नाही.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी जरा मागे जातो. साल एकोणनव्वद. कोकणातल्या लोटे गावी एका रंगाच्या कारखान्यात मी गेटवर होतो. ऑफिसात चार कॉम्प्युटर, आणि चौघांचं मिळून माहितीचं कोठार एकच, दोन लोखंडी पेट्यांचं. एकीत लिहिलेलं जसंच्या तसं दुसरीतही उतरायचं, म्हणजे एक बिघडली तरी दुसरी काम सावरून धरते. पेट्या फळीवर ठेवलेल्या असत आणि फळीवरच आकडे चिकटवलेले, एक आणि दोन. काशी त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायची.

काशी चौथी शिकलेली, कच्च्या नोकरीवर. पक्कं करायचा कागद शिमग्यानंतर निघणार होता. रोज सकाळी झाडून झालं की दोन्ही पेट्यांवर तळवा ठेवायची, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग कान लावायची आणि वहीत लिहायची, ‘थोरली बरी. धाकटी बरी.’

“काशे, डॉक्टरीण झालीस काय गो?” मी विचारायचो.

“तुमी गेटावर दिवसभर गाड्या मोजता, रामाभाऊ. मी कधी काय बोलतंय काय?”

एके दिवशी वहीत आलं, ‘धाकटी कुरकुरते. ताप हाय.’ तिने क्लार्कला सांगितलं, तो पोट धरून हसला. आठव्या दिवशी कॉम्प्युटरच्या पडद्यावरच उमटलं की दोन नंबरची पेटी निकामी होते आहे. मग बेहेरे साहेब नवी पेटी घेऊन मुंबईहून धावत आले.

धावण्याचं कारण मोठं होतं. शिमगा चार दिवसांवर, आणि तीनशे माणसांच्या रजेची यादी त्या पेट्यांत! कागदावरची केव्हाच रद्दीत गेलेली. पालखी दारात यायची आणि घरचा पुरुष लोट्यात, हे कोकणात कोण ऐकून घेईल?

नवी पेटी मीच उचलून आत आणली होती. साहेबांनी फळीवरचा दोनचा आकडा पाहिला, त्यावरच्या पेटीच्या वायरीला हात घातला, आणि काशीने तो धरला.

“ती नाय सायेब! ती थोरली. चांगली हाय ती.”

“अहो बाई, आकडा दिसतोय ना?”

काशीची नजर वर गेली. भिंतीवर पाटी होती, पेट्या जागच्या हलवणाऱ्यास कामावरून कमी करण्यात येईल. साहेबांनी हात सोडवून पुन्हा वायरीकडे नेला, तेव्हा तिच्या तोंडून निघालं.

“खंडेनवमीला मीच दोघी खाली काढल्या, सायेब. वायरी तशाच ठेवून पाटावर मांडल्या. तुमच्या सगळ्या यंत्रांची पूजा झाली, ह्या दोघीच राहिल्या होत्या. परत ठेवताना इकडची तिकडे झाली.”

साहेबांनी मागून वायरीवर बोट फिरवत नेलं. दोन नंबरची वायर एकच्या आकड्यावर बसलेल्या पेटीत शिरत होती! त्यांनी त्या पेटीवर तळवा ठेवला आणि चटकन उचलला. खालच्या कडेला कुंकवाचं बोट अजून दिसत होतं.

चांगली पेटी उपटली असती तर आजारीबरोबर सगळंच गेलं असतं; यादी शाबूत राहिली. शिमग्याला मी घरी होतो, पालखी नाचवून खांदा आठ दिवस दुखला, ती वेगळीच गोष्ट आहे. काशी पुढे कितीतरी वर्षं तीच खोली झाडत होती, त्यावरून काय ते समजा. पण त्या क्षणी आमचा दोघांचाही जीव टांगणीला. आजारी पेटी बाहेर काढून साहेबांनी खिशातलं पेन काढलं.

“कंपनी वाचवलीस, बाई. पण नियमही मोडलास. आता तुझ्याबद्दल वर काय लिहू, तूच सांग.”

काशीने पदर खोचला आणि म्हणाली, “लिवा काय ती शिक्षा, सायेब. पण नवी पेटी बसवण्याआधी मना पाच मिंटं द्या. तिला कुंकू लावाचा हाय, न्हायतर थोरली तिला घरात घ्याची नाय.”