अकरा पोरांची शाळा

दुकानात माल फार दिवस टिकत नाही. बिस्किटांची मुदत संपते, डाळीला कीड लागते. किश्शांचं तसं नाही. ते पडून राहिले की उलट जास्त खपतात! आणि दुकान शाळेसमोर असलं की नवा माल रोज सकाळी प्रार्थनेसोबत दारात पोचतो.

तोंडवलीच्या अलीकडे आमची वाडी. शाळा पहिली ते चौथी, खोल्या दोन, बाई एक, पोरं अकरा. मीही चौथीपर्यंत इथेच होतो. पुढचं शिक्षण तराजूने दिलं. शाळेची किल्ली माझ्या दुकानात टांगलेली असते, एवढ्याच पात्रतेवर मला शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष केलंय.

यंदा जूनमध्येच निरोप आला. पट कमी आहे, शाळा बंद करून पोरं सड्यापलीकडच्या मोठ्या शाळेत घालायचा विचार चाललाय. सडा म्हणजे उघडा कातळ. झाड नाही, आडोसा नाही. पावसात तिथे छत्रीच माणसाला ओढत नेते. पहिलीतलं पोर तिथून रोज जाणार कसं? वर्षभर वाडीला हा एकच घोर.

पण घोर आहे म्हणून पोरं गप्प बसतात थोडीच!

*

माने बाई घाटावरच्या. आल्या तेव्हा त्यांनी समुद्र पहिल्यांदाच इतक्या जवळून बघितला होता. उत्साहाने पहिलीला विचारलं, "सांगा बरं, समुद्रात काय काय असतं?"

त्यांना मासा, शंख, कासव असं काहीतरी हवं होतं. पहिल्याच पोराने हात वर केला.

"माझो बापूस!"

बाईंनी फळ्यावर मासा काढायला घेतला होता. त्याच्या शेजारी होडी काढली आणि होडीत माणूस बसवला.

*

त्याच बाईंनी पुढे हुशारी केली. पोरांना कळतील असे हिशेब घालायचे ठरवलं. "आईने बारा बांगडे आणले. घरात माणसं चार. प्रत्येकाला किती?"

दुसरीतली स्वरा विचारात पडली. ही पोरगी म्हणजे वाडीचं न्यायालय.

"बाई, आज वार खंयचो?"

"सोमवार. का गं?"

"मगे कोणाकच नाय!"

बाईंनी मला दुकानात येऊन विचारलं, "भाऊ, हे उत्तर बरोबर धरायचं का?" म्हटलं, "बाई, धरा. आणि इथून पुढे भागाकार बुधवारी शिकवा."

*

शाळेत दुपारचं जेवण सुमाकाकी करते. पोरांना वाढण्याआधी एका मोठ्या माणसाने ते चाखून वहीत शेरा लिहायचा, असा नियम आहे. बाई रोज लिहायच्या, "चव चांगली." एक दिवस बाई प्रशिक्षणाला गेल्या आणि वही माझ्याकडे आली. मी अध्यक्षाच्या रुबाबात उसळ चाखली आणि खरं ते लिहिलं: "मीठ कमी."

सुमाकाकीने शेरा वाचला आणि वही नीट मिटून ठेवली. इथेच मला घाबरायला हवं होतं!

दुसऱ्या दिवशी दुकानात गर्दी बघून आली. मिठाची पिशवी घेतली, वर धरून सगळ्यांना दाखवली आणि म्हणाली, "ह्येंच्या मिठाकच चव नाय, तर माझो काय दोष?"

तीन गिऱ्हाइकांनी त्या दिवशी मीठ घेतलं नाही.

*

दिवाळीनंतर शाळेत पोरांचा बाजार भरवला. घरची भाजी, कोकम, नारळ घेऊन पोरं ओळीने बसली होती. स्वरापुढे लाल माठाच्या जुड्या. मला वाटलं, पोरीला व्यवहार शिकवावा.

"काय गो, दोन जुड्या घेतल्यावर कमी करशील ना?"

तिने माझ्याकडे बघितलं, मग रस्त्यापलीकडे माझ्या दुकानाकडे बोट केलं. "भाऊनू, तुमच्या भिंतीर काय लिवलला आसा?"

लिहिलं होतं, "भाव एकच. घासाघीस करू नये." मी स्वतः रंगवलेलं.

दोन जुड्या घेतल्या. पूर्ण भावाने!

*

मग कागदच आला. साहेब येणार, शाळा बघणार, पालकांचं म्हणणं ऐकणार आणि अभिप्राय लिहिणार. आदल्या रविवारी शाळेत सभा घेतली. पट कसा वाढवायचा, यावर कोणाला काही सुचेना. तेवढ्यात मागून वाडीतले म्हातारे दाजी उठले. वय ऐंशीच्या पुढे.

"माझा नाव घाला पयलीत. वयाची अट खालसून आसा. वरसून खंय आसा?"

सुमाकाकी म्हणाली, "दाजीनू, अभ्यास कोण करतलो तुमचो?"

"नातू करीत!"

"मगे नातवाकच घाला की हंय!"

दाजींचा नातू व्हॅनमधून मालवणला इंग्लिश मिडियमला जातो. दाजींनी सुनेकडे बघितलं, सुनेने जमिनीकडे.

सोमवारी पट बारा झाला.

*

साहेब सिंधुदुर्गनगरीहून आले, तेव्हा त्यांच्यासाठी शाल, नारळ आणि खुर्ची तयार होती. साहेबांनी शाल नाकारली. नारळ टेबलावरच राहिला. खुर्ची मात्र घेतली. बोलणं सगळं छापील. "बारा ही संख्या समाधानकारक नाही." "भावनेवर निर्णय घेता येत नाही." सुमाकाकीने चहा देताना गोड आवाजात विचारलं, "सायब, तुमचा गाव खंयचा?"

"त्याचा इथे संबंध नाही," साहेब म्हणाले आणि फॉर्म भरायला लागले.

बाई पोरांना आभाराचं गाणं म्हणायला उभं करत होत्या. इतक्यात स्वराने टेबलावरचा नारळ उचलला.

"स्वरा, तो साहेबांचा आहे!"

"देवाक सांगान देतंय, बाई."

आमच्याकडे गाऱ्हाणं घातल्याशिवाय काही होत नाही. एकाने नारळ धरून देवाला सगळं सांगायचं आणि त्याच्या प्रत्येक वाक्यापाठोपाठ बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. पोरं हे पाळण्यातच शिकतात. स्वराने चौथऱ्यावर उभं राहून देवळात गाऱ्हाणं घालणाऱ्या गावकाराचा थेट सूर लावला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अकरा पोरं, वर दाजी.

"आज हे सायब आमच्या शाळेत इलेत, तेंका सुखरूप घराक पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता आया, सुमाकाकी आणि मीसुद्धा.

"आमका ल्हान पोरांका सड्यावरसून धाडू नको. आमची शाळा हंयच र्‍हवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज खुर्चीकडून आला. आम्ही सगळ्यांनी वळून बघितलं. साहेब उभे होते. पायातले बूट बाजूला, डोळे मिटलेले, हात जोडलेले.