पूर्णा जंक्शनावरचं झुरिच

वीरभद्र सरांना लातुरात कोण ओळखत नाही, असं निदान वीरभद्र सरांना तरी वाटतं. फिजिक्सच्या शिकवणीत त्यांनी एकच सूत्र आयुष्यभर वापरलं. पोरांच्या सराव परीक्षा घ्यायच्या, मग परत सराव परीक्षा घ्यायच्या, आणि एवढं करून एखादं पोरगं डॉक्टर झालंच तर त्याचा फोटो चौकात लावायचा. पण हेच सूत्र दोन वर्षांच्या लेकराला लावणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात आपल्याच वाट्याला यावा, याचं त्यांची बायको उज्वला हिला राहून राहून नवल वाटायचं.

उज्वला औशाच्या कॉलेजात भूगोल शिकवते. आल्प्सचे बोगदे आणि ऱ्हाइनचं खोरं फळ्यावर काढून काढून तिचा हात दुखला, पण डोळ्यांनी काही पाहिलं नव्हतं. आगगाडीच्या खिडकीशी बसून तो मुलूख बघायचा, एवढी एकच हौस तिनं लग्न ठरताना बोलून दाखवली होती. पुढं कधी नीटची बॅच आडवी आली, कधी सासूबाईंचं दुखणं, मग मन्मथ झाला. यंदाच्या उन्हाळ्यात सर एकदाचे हो म्हणाले, पण सरांचं हो म्हणजे सरळ हो थोडंच असतं. त्यांनी अट घातली. युरोपात गाड्या बदलत फिरायचं तर आधी मन्मथचे तीन सराव प्रवास होतील. त्यातला एक तरी त्यानं न रडता पार पाडला पाहिजे, नाहीतर पोरगं शाळेत जाईपर्यंत युरोपचं नाव काढायचं नाही. उज्वला कबूल झाली. नवऱ्याला विचारल्याशिवाय गावाला जायची तिला सवयच नव्हती, युरोप तर लांबच राहिला.

पहिल्या सरावात मन्मथ लातूर रोडच्या आत रडला, कारण सरांनी त्याला युरोपातली थंडी गृहीत धरून भर एप्रिलात कानटोपी घातली होती. दुसऱ्या सरावात उदगीरला जाताना त्याला छान झोप लागली होती. पण सरांच्या वेळापत्रकात ती वेळ खिडकीतून निसर्ग बघायची होती, म्हणून त्यांनी त्याला हलवून उठवलं. पोरानं डबा डोक्यावर घेतला. "एकाग्रता कमी आहे," सर म्हणाले. उज्वलानं तोंड फिरवलं. या माणसाच्या अकलेची आपण इतकी वर्षं कदर करत आलो, याची तिला लाज वाटली.

तिसरा आणि शेवटचा सराव लातूर ते नांदेड, म्हणजे उज्वलाच्या माहेरापर्यंत. सरांनी चाकाच्या दोन थोरल्या बॅगा, बाबागाडी आणि दुधाच्या बाटल्यांची पिशवी एवढं बरोबर घेतलं. परभणी आली तेव्हा ते "म्युनिक आलं" म्हणाले. समोरच्या बाकावर अर्धापूरला निघालेल्या सिंधुबाई नावाच्या म्हाताऱ्या बाई होत्या.

"कुठं निघालाव साहेब?" त्यांनी विचारलं.

"युरोपला."

"ही गाडी तर नांदेडला जाती."

सरांनी त्यांना सराव म्हणजे काय ते विस्तारानं समजावलं. सिंधुबाईंनी सगळं ऐकून घेतलं, एकदा उज्वलाकडे पाहिलं आणि पदरातल्या शेंगा परत फोडायला घेतल्या.

पूर्णा यायच्या बेताला मन्मथ उज्वलाच्या मांडीवर गाढ झोपला. तोवर तो एकदाही रडला नव्हता. नांदेड आता जवळच, म्हणून उज्वलाच्या जिवात जीव आला होता.

"उठव त्याला," सर म्हणाले. "झुरिच आलं. इथं गाडी बराच वेळ थांबते. सगळं सामान घेऊन जिना चढायचा, पलीकडच्या फलाटावर जायचं, परत यायचं."

"आत्ता कुठं झोपलंय लेकरू."

"झुरिचला झोपलं तर काय करशील?"

"तर झोपलेलं उचलून नेईन. त्याला सराव कशाला लागतो?"

"आयत्या वेळी काही जमत नसतं, उज्वला. बस तू. मी करून दाखवतो."

फळ्यावरचं गणित ढ पोराला सोडवून दाखवावं, तशा सुरात ते बोलले आणि बॅगा, बाबागाडी, बाटल्या सगळं घेऊन उतरले. खिडकीतून उज्वलाला ते दिसत होते. जिन्यावर बाबागाडीचं चाक अडकलं, ते त्यांनी सोडवलं. वर पोचल्यावर ते घड्याळाकडे बघून स्वतःवरच खूश झाले. तेवढ्यात गाडी हलली. हाक मारली असती तर ती ऐकू गेली असती. लेकरू उठेल म्हणून आपण गप्प बसलो, असं उज्वलानं स्वतःला सांगितलं, आणि ते खोटं आहे हे तिला तेव्हाच कळलं.

"बाई, साहेब राहिले की," सिंधुबाई म्हणाल्या. "साखळी वढू का?"

"नको, मावशी. लेकरू झोपलंय."

थोड्या वेळानं मन्मथ जागा झाला. दूध नव्हतं, खेळणं नव्हतं, वेळापत्रकही नव्हतं. सिंधुबाईंनी दिलेला दशमीचा तुकडा चघळत तो खिडकीशी उभा राहिला आणि दिसेल त्या म्हशीला हाक मारत नांदेडपर्यंत आला. त्याच्या शेजारी उज्वला नुसती बाहेर बघत बसली होती. असं नुसतं बसून तिला किती वर्षं झाली होती, ते तिला आठवेना.

सर मागच्या गाडीनं आले, तोवर मायलेक नांदेडच्या फलाटावर बसून होते. सर घामानं निथळत होते. पोरानं काय खाल्लं, हे त्यांनी विचारलं नाही.

"हा प्रयत्न बाद," ते म्हणाले. "साधी साखळी ओढली नाहीस तू. पोरगं तयार नाही आणि तू त्याहून नाहीस. युरोप रद्द."

"पोरगं तर पास झालं. एकदाबी रडलं न्हाई."

"ते कसं धरायचं? मी तिथं नव्हतो."

"तुम्ही नव्हता म्हणूनच रडलं न्हाई."

सर बॅगा मोजू लागले. उज्वलाला मात्र बोलता बोलताच सगळं लख्ख दिसलं. पगार आपला आहे, रजा आपली आहे, नकाशा तर पाठच आहे. मग इतके दिवस आपण या माणसाकडे नेमकं काय मागत होतो, ते तिला कळेना.

"आमच्या दोघांची तिकिटं मी काढते," ती म्हणाली.

"आणि मी?"

"तुम्ही यंदा रिपीटरच्या बॅचला बसा."

मन्मथला कडेवर घेऊन ती रिक्षाकडे निघाली. सामान सगळं सरांकडेच होतं.