पुड्यावरचं बाळ

दुपारच्या चहाला आई माझ्या मुलीला बशीत बिस्किट बुडवून भरवत होती. मी शेजारी वर्तमानपत्र वाचत होतो. गोड खाऊवर जास्त कर लावा, म्हणजे लोक चांगलं खातील, असं एका लेखात होतं. मला ते पटलं, म्हणून आईला वाचून दाखवलं.

तिचा हात बशीवरच थांबला. "म्हणजे हे वाईट असतं?"

"रोज खाल्लं तर वाईटच."

"मग पुड्यावर असलं गुटगुटीत बाळ कशाला छापतात?"

लोक असं खातात ते जिभेच्या चोचल्यांपायी, असं लेखकाचं म्हणणं होतं. आमच्या घरात चोचले कुठले? आईला अक्षरं येत नाहीत, ती चित्रावर विश्वास ठेवायची. शहरातली हुशार मुलं हेच खातात, असं दुकानदारानेही सांगितलेलं. स्वतः चटणीभाकर खाऊन तिने मला बिस्किटांवर वाढवलं. घरातला पहिला पदवीधर झालो, तो तिच्याच जिवावर. कर लागला तर पुडा महाग होईल. पण त्या चित्राने तिला इतकी वर्षं फसवलं, त्याचं काय?

मुलीने आ केला होता. आईने बशी बाजूला सारली.

"आणि अंडी रे?"

"अंडी चांगली असतात."

तिने अंगणातल्या खुराड्याकडे बघितलं.

"ती तर मी दर बाजाराला विकायची, तुझ्या पुड्यांसाठी. सगळी लोकांच्या पोरांना खाऊ घातली की रे मी."