कानातला कापूस आणि काटोलचं स्थळ

आधी तो चहाचा कप खाली ठेवा, नाहीतर नाकातून येईल! माझ्या लग्नाच्या बोलणीत मी जो घोळ घातला ना, तो ऐकून आमच्या न्हाव्यालाही वस्तरा बाजूला ठेवावा लागला होता.

कॅसेटचा जमाना तेव्हा नवा नवा होता. माझ्या मामांचं इतवारीत भांड्यांचं दुकान. त्यांनी एक जुनी मोटार घेतली आणि तिच्यात टेप बसवला. स्पीकर कुठे? मागच्या सीटच्या वर, बसणाऱ्याच्या बरोबर कानांमागे! गाडी बर्डीवरून निघाली की लोक दुकानाबाहेर येऊन विचारायचे, "वरात कोणाची हो?"

एकदा त्या सीटवर बसून रामटेकला जाऊन आलो, तर दोन दिवस कानात शिट्टी वाजत होती. गल्लीतले डॉक्टर माझ्यावरच डाफरले. "दात पडला तर नवा बसवता येते गा! कान गेला तर काय बसवू, तुझ्या मामाचा स्पीकर? आवाज कमी कराले सांग त्याले!"

आता मामांना सांगणार कोण? गाडी त्यांची, टेप त्यांचा, आणि मला मुली दाखवायचा उत्साहही त्यांचाच!

काटोलला मुलगी पाहायला निघालो, तेव्हा आईनं वातींच्या कापसाचे दोन बोळे हातात दिले. "घाल बाप्पा कानात." मी ते असे ठासले, की कव्वालीची नुसती धकधक पाठीला जाणवत होती. वरून त्या वेळच्या फॅशनप्रमाणे कानांवर केस. बाहेरून कोणाला काही दिसायची सोयच नाही.

काटोल आलं. मामांनी टेप बंद केला. मी खाली उतरलो. अहाहा, काय शांत गाव! कुत्रं तोंड उघडतंय, पण भुंकत नाही. म्हटलं, कुत्रं एवढं सालस, तर मुली किती गुणी असतील!

आणि कापूस? साफ विसरलो हो!

मुलीचे वडील म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. बोलणं मुळातच हळू. इकडे मामांचे कान कापसाविना अख्खा रस्ता ते गाणं सोसून सुन्न झालेले. गुरुजी हात जोडून म्हणाले, "बसा."

मामा गरजले, "बसनं नाही जी! घरच्या गाडीनं आलो!"

गुरुजी दचकले. मग माझ्याकडे वळून, स्वतःच्या कानाला बोट लावून त्यांनी काहीतरी विचारलं. ते होतं, "तुमाले बी आयकू कमी येते का?" पण हे मला मागाहून कळलं! तेव्हा वाटलं, दारात थांबेपर्यंत आपलं गाणं वाजत होतं, म्हणून विचारताहेत, गाण्याचा नाद आहे का?

मी छाती फुगवून म्हणालो, "हो जी! लहानपणापासून. मामाकडूनच आला."

गुरुजींचा चेहरा उतरला. मला वाटलं, कौतुकानं हेलावले. मला अजून चेव आला.

"घरी सगळ्यायलेच आहे! लग्न झालं की तुमच्या मुलीलेबी लावून देईन."

"अन् इलाज?" गुरुजींनी कसंबसं विचारलं.

मला ऐकू आलं, रियाज. म्हणालो, "रोज सकाळी तासभर! त्याच्यानं अजून वाढते!"

गुरुजींनी पंच्यानं कपाळ पुसलं.

तेवढ्यात मुलगी, सुमन, पोह्यांच्या बशा घेऊन आली. खरं सांगू? पाहताक्षणी आवडली. मी बशी घ्यायला वाकलो, केस पुढे आले आणि तिचे डोळे माझ्या कानावर थबकले.

"बाबा, यायच्या कानात कापूस हाय!"

"अरे देवा," गुरुजी म्हणाले, "म्हणजे कान वाह्यते बी!"

मामांचे कान एव्हाना उघडले होते. त्यांनी उठून माझा एक बोळा उपटला, मग दुसरा. एकदम जग सुरू झालं! पंखा, कोंबड्या, रस्त्यावरची एसटी आणि मामांचा आवाज.

"काहून गा पोट्ट्या? कापूस काहून कोंबला?"

"तुमच्या स्पीकरमुळे!"

सगळा खुलासा केला, तरी गुरुजींना पटेना. हाडाचे शिक्षक ते! म्हणाले, परीक्षा घेतो. सुमन लाजून आत पळाली. मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. "मी हळू बोलीन. जे आयकू येईन ते मोठ्यानं म्हणा."

हातचं स्थळ जाणार होतं. मी सगळा जीव कानात आणला.

"मोसंबी," गुरुजी कुजबुजले.

"मोसंबी!" मी ओरडलो.

"कोथिंबीर."

"कोथिंबीर!"

"जिल्हा परिषद."

"जिल्हा परिषद!"

मग स्वयंपाकघराच्या दारामागून एक अगदी बारीक आवाज आला, आणि मी त्याच जोशात, शेजारच्या घरी जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालो, "पोरगा दिसाले बरा हाय वं आई, पण जरासा बावळट वाटते!"

आत एक भांडं पडलं. वळून पाहतो तर गुरुजी तोंडात पंचा कोंबून हसत होते.

"कान पास!" ते म्हणाले.

लग्न झालं हो, झकास झालं. पण माझ्याबद्दलचं सासरचं खरं मत भर बैठकीत, खणखणीत आवाजात जाहीर कोणी केलं? मीच!